ताई ची शिकवायचं ठरवलंत? आधी पायांकडे बघा

ताई ची या संथ चिनी युद्धकलेतला, 1956 साली चीनमध्ये बसवलेला यांग शैलीचा 24 हालचालींचा फॉर्म (ठरलेल्या क्रमाने करायची मालिका) काही महिन्यांत पाठ होतो. पाठ झाला म्हणजे शिकवता येतो, असं मात्र नाही.

खरी मेख पावलांत आहे. धनुष्य पवित्र्यात (पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय जवळपास सरळ) साधारण 70 टक्के वजन पुढच्या पायावर, गुडघा बोटांच्याच दिशेला आणि बोटांच्या पुढे न जाणारा. टाचा एका रेषेत आल्या की तोल गेलाच. दोन्हींत आडवं अंतर खांद्यांएवढं हवं. वळताना भार असलेलं पाऊल फिरवलं की गुडघ्याला पीळ बसतो. म्हणून आधी वजन मागे घ्या, मग पंजा वळवा. विद्यार्थिनींच्या गुडघेदुखीचं कारण बहुधा इथेच सापडतं.

दुसरं, संपूर्ण फॉर्म उलट्या बाजूनेही घोटा. समोर तोंड करून शिकवताना तुम्ही डावा हात उचलायचा आणि तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं. सवय नसेल तर फजिती ठरलेली. फॉर्म वळला की तुम्ही दिसेनाशा होता, तेव्हा जाणकार विद्यार्थी चारही कोपऱ्यांत उभे करा.

स्वतःचा वर्ग काढण्याआधी वर्षभर तरी कुणाच्या हाताखाली सहायक राहा. तासाभरात नवीन हालचाल एकच, फार तर दोन. वयाने मोठे गृहस्थ मध्येच सूचना देऊ लागले तर वाद नको, त्यांना तीच हालचाल सावकाश करून दाखवायला सांगा.