'चिरेबंदी'तला चिरा कोणता?

महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटकं ओळीने वाचून काढलेल्या एका वाचक मैत्रिणीने विचारलं आहे: नाटकातला वाडा तर खचत चाललाय, मग 'चिरेबंदी' म्हणजे चिरा पडलेला, भेगाळलेला असं समजायचं का? आणि 'बंदी' म्हणजे त्या वाड्यात अडकून पडलेली माणसं का?

नाही. चिरेबंदी म्हणजे घडीव दगडांनी बांधलेला, भक्कम. पण प्रश्न मला फार आवडला, कारण शंका यायला मराठीतच जागा आहे.

'चीर' हा स्त्रीलिंगी शब्द. चीर म्हणजे भेग, आणि तिचं अनेकवचन 'चिरा': भिंतीला चिरा पडल्या. दुसरा शब्द पुल्लिंगी, 'चिरा'. तासून, चौकोनी करून बांधकामाला घेतलेला दगड तो चिरा, आणि त्याचं अनेकवचन 'चिरे'. म्हणजे पहिल्याचं अनेकवचन आणि दुसऱ्याचं एकवचन कानाला हुबेहूब सारखं. नाटकाच्या नावात मात्र 'चिरे' आहे, 'चिरा' नाही, आणि निकाल तिथेच लागतो. घोडा-घोडेस्वार, रस्ता-रस्तेबांधणी, तसं चिरा-चिरेबंदी. कोकणातली 'चिरेखाण' याच घरातली. तिकडे चिरा म्हटलं की जांभा दगडच डोळ्यांपुढे येतो, देशावर काळा पाषाण. बाकीबाब बोरकरांच्या 'नाही चिरा, नाही पणती' या ओळीतला चिराही हाच: माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीला उभा करतात तो दगड.

आता 'बंदी'. हल्ली आपल्या कानावर दारूबंदी, गुटखाबंदी, नोटाबंदी इतक्या वेळा आदळते की बंदी म्हणजे मनाईच वाटते. जुनी बंदी निराळी. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणं. त्यातून आलेली बंदी म्हणजे बांधणी, जोडणी, व्यवस्था. तटबंदी, जमाबंदी, बांधबंदिस्ती आठवून बघा, त्यात मनाई कुठेच नाही. चिऱ्याला चिरा लावून केलेलं बांधकाम ती चिरेबंदी, आणि तसं बांधलेलं घर तेही चिरेबंदी.

असं घर कुणाचं असायचं, हेही त्या शब्दात आहे. पायापासून आढ्यापर्यंत दगड परवडणारे थोडेच. बहुतेक वाड्यांचं जोतं तेवढं घडीव चिऱ्यांचं, वर विटा, माती आणि लाकूड. शनिवारवाड्याची तर कथाच सांगतात, की सगळा वाडा दगडी बांधायचा मान छत्रपतींचा, म्हणून खालचा भाग दगडात झाल्यावर वरचे मजले विटांचे केले. कथा खरी असो नसो, दगड हा मान होता हे ती बरोबर सांगते. म्हणून एलकुंचवारांच्या धरणगावकर देशपांड्यांच्या घराला हा शब्द लागतो तेव्हा त्यात नुसती मजबुती नसते, तोरा असतो. वडील तात्याजी गेलेत, भावंडं जमलीत, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय, दिवसकार्याला पैसा कुठून आणायचा यावर घासाघीस चाललीय. आणि नाव काय, तर चिरेबंदी.

नावातला शब्दक्रमही बघण्यासारखा आहे. बोलताना आपण 'चिरेबंदी वाडा' म्हणतो. इथे नाम आधी, विशेषण मागे. ओवीत असं होतं, लयीसाठी. पण मला ही रचना जुन्या कागदपत्रांसारखी वाटते. खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात मालमत्तेची नोंद याच क्रमाने उतरते: घर एक, कौलारू, दुमजली. 'वाडा चिरेबंदी' हे मला तसं ऐकू येतं, यादीतली एक बाब म्हणून. ज्या नाटकात घराचा हिशेब मांडला जातोय, दागिन्यांच्या डब्यावर सगळ्यांची नजर आहे, त्याला हा क्रम फार शोभतो. नाटककाराच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही. वाचताना मला ते ऐकू आलं, एवढंच. इंग्रजी भाषांतराचं नाव 'ओल्ड स्टोन मॅन्शन' आहे. त्यात मूळ नावात नसलेलं 'जुना' आलं, दगड राहिला आणि 'बंदी' गेली. भाषांतरकाराला दोष नाही, पण माझ्या मते या शब्दातला जीव 'बंदी'तच होता.

का ते सांगतो. माझ्या आजोळच्या घराचं जोतं चिऱ्यांचं होतं. प्रत्येक चिऱ्यावर टाकीचे तिरपे घाव स्पष्ट दिसायचे, उन्हाळ्यात त्यावर बसलं की मांडीवर ओळी उमटायच्या. दोन चिऱ्यांमधल्या फटीला आमच्याकडे दरज म्हणत, आणि ती चुन्याने भरलेली असायची. एका कोपऱ्यातला चुना झडला, तिथे पिंपळ रुजला. दरवर्षी कुणीतरी तो कापायचं, दरवर्षी तो पुन्हा यायचा. शेवटी तो कोपरा सुटला तेव्हा चिरे अंगणात पडलेले मी पाहिले: एकालाही तडा नव्हता, काठसुद्धा शाबूत. सुटली होती ती बंदी.

म्हणून तुमची 'भेगाळलेला' ही शंका अर्थाने चुकली तरी नाटकाच्या जवळ गेली. 1985 साली विजया मेहतांनी 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आणलं, 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी तिन्ही नाटकं सलग केली, 2002 चा साहित्य अकादमी पुरस्कार 'युगान्त'ला मिळाला. या सगळ्या प्रवासात पहिल्या नाटकाचं नाव रसिकांच्या तोंडी नुसतं 'वाडा' असं उरलं. तुम्ही मात्र पुढचा शब्द सोडला नाहीत, म्हणून एक सुचवतो. तिन्ही नाटकं पुन्हा वाचाल तेव्हा भास्कर, सुधीर, चंदू, प्रभा या भावंडांना एकेक करून बघा. त्यातलं कुणी ठिसूळ आहे का ते तपासा, आणि मग त्यांच्या मधल्या दरजा बघा.