बेल्जियमच्या फ्लांड्रिया रेसिंग सायकलचा इतिहास काय आहे? एडी मर्क्स खरंच हीच सायकल चालवायचा का?

लूव्हनमधल्या घरमालकांनी तुम्हाला गॅरेजात पडून असलेली लाल फ्लांड्रिया देऊ केलीय, वर 'मर्क्सची सायकल आहे ही' असंही सांगितलंय, आणि ती घ्यावी का असं तुम्ही विचारलंय. मर्क्स म्हणजे बेल्जियमचा सगळ्यात नावाजलेला सायकल रेसर, त्याचं आधी निकालात काढतो. व्यावसायिक शर्यतींत तो फ्लांड्रियाच्या संघात कधीच नव्हता. उलट सत्तरच्या दशकात फ्लांड्रियाची लाल जर्सी म्हणजे त्याच्या डोक्याला ताप होता. तरी घरमालक अगदीच हवेत बोलत नाहीयेत, कारण मर्क्सची सुरुवात झाली ती याच कारखान्याच्या भिंतीपलीकडून.

भिंत खरोखरची, विटांची. ब्रुजजवळच्या झेडेलगेम गावात क्लाएस घराण्याचा सायकलींचा कारखाना होता. 1956 मध्ये एमे आणि रेमी या भावांचं इतकं बिनसलं की कारखान्याच्या मधोमध भिंत घालून वाटणी केली. एमेकडे फ्लांड्रिया राहिली, रेमीने पलीकडे सुपेरिया उभी केली. बांधावरून कोर्टात जाणारे भाऊ आपण पाहतो. हे दोघे रस्त्यावर उतरले, म्हणजे शर्यतीच्या. दोघांनीही व्यावसायिक संघांवर पैसा ओतला. विश्वविजेता रिक व्हॅन लॉय 1962 मध्ये फ्लांड्रियाच्या संघातून पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकला आणि 1965 मध्ये तीच शर्यत पुन्हा जिंकला ती सुपेरियाच्या संघातून! त्याच वर्षी त्याच सोलो-सुपेरिया संघात एक एकोणीस वर्षांचा पोरगा व्यावसायिक म्हणून दाखल झाला. तोच मर्क्स. वर्षभरात तो तिथून निघून प्यूजोच्या संघाकडे गेला.

फ्लांड्रियाकडे मात्र नामी रेसर्सची रांग लागली. गोडफ्रूट, डे व्लामिंक बंधू, पुढे शॉन केली. त्यातला जाँ-पिएर मोन्सेरे 1970 मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विश्वविजेता झाला. मार्च 1971 मध्ये एका शर्यतीत समोरून आलेल्या मोटारीवर आदळून तो जागीच गेला. विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी तेव्हा त्याच्या अंगावर होती.

माझ्या मते या ब्रँडचं सगळ्यात रंगतदार वर्ष 1973. तोवर मोठ्या रेसर्सच्या सायकलींवर गियर म्हणजे इटलीचा कॅम्पान्योलो, हे जणू ठरलेलंच होतं. त्या वर्षी फ्लांड्रियाने शिमानो या जपानी कंपनीला सोबत घेतलं आणि तिचा ड्युरा-एस हा गियरचा संच थेट युरोपच्या व्यावसायिक रस्त्यांवर आणला. बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत शेवटी चौघेच उरले: इटलीचा जिमोंदी, स्पेनचा ओकान्या, आणि बेल्जियमचे मर्क्स व फ्रेडी मार्टेन्स. देश एक असला तरी या दोघांचे मालक वेगळे: मार्टेन्स शिमानोवाल्या फ्लांड्रियाचा, मर्क्स दुसऱ्या संघाचा. जिमोंदी पहिला, मार्टेन्स दुसरा, मर्क्स चौथा. शिमानोवरचा माणूस जिंकू नये म्हणून आपला घात झाला, असं मार्टेन्स पुढे म्हणत राहिला. मर्क्सला हे मान्य नाही. मला स्वतःला यात गियरपेक्षा दोघांचा अहंकार जास्त दिसतो, पण बेल्जियन म्हाताऱ्यांसमोर हा विषय काढायचा तर वेळ हाताशी ठेवूनच काढा.

मार्टेन्सने मग कसर भरून काढली. 1976 च्या टूर द फ्रान्समध्ये आठ टप्पे जिंकले, त्याच वर्षी विश्वविजेताही झाला. 1977 च्या व्हुएल्तात, म्हणजे स्पेनच्या टूरमध्ये, तर तेरा टप्पे! त्यानंतरच्या जिरोत, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, तो पडला, मनगट मोडलं. तेव्हा त्याच्याच संघातला मिशेल पोलेन्तिये पुढे आला आणि ती शर्यत जिंकून गेला. हाच पोलेन्तिये 1978 च्या टूर द फ्रान्समध्ये आल्प द्युएझच्या चढावर आघाडीवीराची पिवळी जर्सी मिळवून डोप चाचणीला गेला, आणि काखेत दडवलेल्या रबरी फुग्यातली दुसऱ्याची लघवी नळीवाटे सोडायच्या तयारीत असताना पकडला गेला. टूरमधून त्याच दिवशी हकालपट्टी. 1979 नंतर संघ संपला, 1981 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

आता तुमच्या सायकलीकडे. फ्लांड्रिया मोपेड बनवायची, मुलांच्या आणि बाजारहाटाच्या साध्या सायकलीही विकायची. शर्यतीचा संघ ही त्या सगळ्याची जाहिरात. त्यामुळे नाव तेच, लाल रंग तोच, पण फ्रेम साध्या जड पाइपची, असंही असू शकतं. स्टिकर कुणीही चिकटवतं, म्हणून त्यावर जाऊ नका. मागचं चाक काढा आणि ॲक्सल ज्या खाचेत बसतो तो पत्रा बघा. कापलेला पातळ सपाट पत्रा असेल तर साधी सायकल. जाड, घडीव तुकडा असेल आणि त्यावर कॅम्पान्योलोसारखं नाव कोरलेलं असेल तर लक्ष द्या. मग सीटची दांडी बाहेर काढून तिच्यावरचा आकडा वाचा: 27.2 असेल तर फ्रेमच्या नळ्या पातळ आणि चांगल्या दर्जाच्या असण्याची शक्यता भरपूर, 26 च्या आसपास असेल तर बहुधा जाड पाइप. दांडी गंजून आत अडकली असेल तर जोर लावू नका, दुकानात न्या. साधी निघाली तरी फुकटात मिळतेय तर घ्या, लूव्हनमध्ये रोज फिरायला उत्तम. पैसे मागत असतील तर वरच्या दोन गोष्टी बघितल्याशिवाय पाकीट काढू नका.