कातडीला ओल लागू देऊ नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. फिलिपिन्समधल्या दावाओच्या करिंदेरियात पहिल्यांदा लेचोन कवाली घेतलंस, कातडी चावता चावेना, आणि वर्गातल्या मैत्रिणींनी निकाल देऊन टाकला की डुकराचं तळलेलं मांस खायचं तर मॉलमधल्या मोठ्या हॉटेलात, असल्या टपरीवजा खानावळीत नाही. आता तुला वाटतंय, आपल्याला हा पदार्थच मानवत नाही की काय. थांब जरा. दुपारचे दोन वाजले होते, तुकडे गरम भातावर रचले होते आणि वरून लिव्हरचा गोडसर सॉस ओतला होता, हे तूच लिहिलं आहेस. उत्तर त्यातच आहे. कातडीला ओल लागली.

लेचोन कवालीत एक गोष्ट सांभाळायची: कातडी कोरडी. कढईत जाताना कोरडी, ताटात कोरडी, तुझ्या दाताखाली येईपर्यंत कोरडी.

आधी स्वयंपाकघरात काय घडतं ते समजून घे, म्हणजे काचेमागचा तुकडा बघूनच तुला कळेल. पोटाकडचा चरबी-मांसाच्या थरांचा भाग, तिथे त्याला लिएम्पो म्हणतात, तो मीठ, अख्खी मिरी, लसूण आणि लॉरेलची (आपल्या तमालपत्रासारखी) पानं घातलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर शिजवतात. कातडीत सुरीचं टोक सहज शिरलं पाहिजे. इथे घाई केली तर कोलॅजेनचं जिलेटिन पुरतं होत नाही (हे तुला, मेडिकलच्या मुलीला, मी काय सांगणार), आणि मग कितीही तळा, कातडी दगडच. फार शिजवलं तर तळताना थर सुटतात. शिजलेला तुकडा निथळायचा, पुसायचा, कातडीला मीठ चोळायचं आणि जाळीवर उघडा ठेवायचा. फ्रिजमध्ये जागा असेल तर रात्रभर, झाकण न घालता. कुरडई नीट वाळली नसेल तर तेलात फुलत नाही, तसंच हे. तेल 180 ते 190 अंशांवर हवं. कातडीच्या आत उरलेल्या थोड्याशा पाण्याची एकदम वाफ होते, ती मऊ कातडीला फुगवते आणि बारीक फोड येतात. पृष्ठभागावर पाणी राहिलं तर तेल उडतं, त्याची उष्णता उतरते, आणि कातडी फुलायच्या ऐवजी आक्रसून बसते. उत्तरेला इलोकोस प्रांताकडे बाग्नेत नावाचा असाच पदार्थ दोनदा तळतात तो याचसाठी. पहिलं तळण मंद, पाणी घालवायला. मग गार होऊ द्यायचं. दुसरं तळण कडक तेलात, फुलवायला.

करिंदेरियात सगळं समोर मांडलेलं असतं, बोट दाखवून मागायचं असतं. मग नीट बघून बोट दाखव! कातडीभर फोड असलेला, फिक्या सोनेरी रंगाचा तुकडा घे. गुळगुळीत, चकाकणारी, गडद तपकिरी कातडी नको. ढिगाच्या तळाचा तुकडा नको, तो वरच्यांच्या वाफेत भिजलेला असतो. झाकणाला आतून थेंब लागलेले दिसले तर त्या दिवशी आदोबो, म्हणजे सोया सॉस-व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मांस, घे आणि समाधानाने जेव. शंका आली तर सरळ विचार, "बागोंग प्रितो पो बा?", म्हणजे आत्ताच तळलंय का. जेवणाच्या गर्दीसाठी तळण साधारण अकराच्या पुढे निघतं. तेव्हा जा. लेक्चर असतं म्हणतेस, तर नसेल त्या दिवशी जा. पण दोन वाजताच्या तुकड्यावरून त्या बाईंच्या हाताची परीक्षा करू नकोस. उशिरा गेलीसच तर "पुवेदे पो बांग इप्रितो उलित?" असं म्हणून परत तळून मिळेल का ते विचार.

मोठ्या हॉटेलात ते कुरकुरीत मिळतं, कारण ऑर्डर दिल्यावर कढईत पडतं. जास्तीचे पैसे तू त्या वेळेचे मोजतेस. लिएम्पो तोच.

आता ताट. "हिवालाय पो आंग सार्सा" म्हण, सॉस वेगळा मिळेल. भातही वेगळ्या ताटलीत. गरम भाताची वाफ खालून लागली की दोन-चार मिनिटांत सगळं गेलं. आचारा, म्हणजे कच्च्या पपईचं लोणचं, त्याचा रस तुकड्यांकडे वाहू देऊ नकोस. कालामान्सी, म्हणजे तिथलं छोटं लिंबू, बुडवायच्या वाटीत पीळ, तुकड्यांवर नाही. वाटीत चार चमचे नारळाचं व्हिनेगर, एक चमचा सोया सॉस, अर्धा छोटा लाल कांदा बारीक चिरून, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, एक सिलिंग लाबुयो मिरची आणि मिरपूड. टेबलावर इलिगनच्या पिनाकुरातची, म्हणजे तिखट मसालेदार व्हिनेगरची, बाटली असेल तर यातलं काहीच करायला नको. पहिला तुकडा नुसता खा. पुढचे मांसाच्या बाजूने बुडव, कातडी वर, आणि लगेच तोंडात टाक. आंबटाने चरबीचा ओशटपणा जातो. सोरपोतेल, म्हणजे व्हिनेगर घातलेलं डुकराचं मांस, खाल्लेल्या गोव्याच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं मला ऐकवतात. हेकट म्हणतात. म्हणोत. कुणीतरी सकाळपासून चुलीशी उभं राहून ती कातडी शिजवते, पुसते, वाळवते, फुलवते. मग एक पळी सॉस पडतो आणि नाव त्या दुकानाचं खराब होतं. मला ते बघवत नाही. आपल्याकडची मुलं तिथे राहून, डॉक्टर होऊन परत येतात आणि म्हणतात, तिथलं पोर्क चिवट असतं. याची मला खरोखर खंत आहे, म्हणून आवाज चढतो. तुझ्यावर राग नाही गं.

पार्सल घेतलंस तर प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारू देऊ नकोस. कागदात घे, तोंड उघडं ठेव. खोलीवर मायक्रोवेव्ह वापरू नकोस. एअर फ्रायर असेल तर 200 अंशांवर चार-पाच मिनिटं, नसेल तर कोरड्या तव्यावर कातडी खाली करून मंद आचेवर ठेव. दुसऱ्या दिवशीपर्यंत उरलं तर मात्र कुरकुरीत करायचा हट्ट सोड आणि पाक्सिव, म्हणजे व्हिनेगरमधला रस्सा, कर: तुकडे, लसूण, कांदा, लॉरेलचं पान, मिरी, तोच लिव्हरचा सॉस, थोडं पाणी आणि व्हिनेगर. व्हिनेगर घातल्यावर चांगली उकळी येईपर्यंत ढवळू नकोस, नाहीतर आंबटपणा कच्चा राहतो.