ऊर्जा संशोधनासाठी मार्गदर्शक शोधताना

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना ऊर्जा संशोधनाकडे वळावेसे वाटते, त्यासाठी पुण्यातील अकरा प्राध्यापकांना व शास्त्रज्ञांना पत्रे पाठवली, उत्तरे दोनच आली आणि तीही नकाराची, तेव्हा मार्गदर्शक मिळवावा तरी कसा, असे तुम्ही विचारले आहे. पत्राचा मसुदा सोबत दिलात ते बरे केलेत, कारण अडचण त्यातच आहे. 'मला अक्षय ऊर्जेत रस आहे, आपल्या हाताखाली काम करण्याची संधी मिळावी' एवढ्यावरून तुमच्यासाठी नेमके काय करायचे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. विद्यार्थिदशेत मीही अशीच पत्रे लिहिली होती. आता ती मला येतात आणि त्यांतील बहुतेकांना उत्तर देणे जमत नाही, याची थोडी लाजही वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे 'ऊर्जा' हा एक विषय नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तुम्ही इंधन-घटांवर (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या साधनांवर) काम करायला गेलात, तर तुमचा दिवस उत्प्रेरक आणि पटलांच्या रसायनशास्त्रात जाईल. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात धावलेली हायड्रोजन बस सीएसआयआर (ही प्रयोगशाळा जिच्या अखत्यारीत येते ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि पुण्याची केपीआयटी ही कंपनी यांच्या अशाच कामातून उभी राहिली. वीजधोरणाचा अभ्यास करणाऱ्या 'प्रयास' या पुण्यातील संस्थेच्या ऊर्जा गटात तोच दिवस वीजदराचे आदेश आणि नियामक आयोगापुढील याचिका वाचण्यात जाईल. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचे आणि खरकट्यापासून बायोगॅस मिळवण्याचे तंत्र घडवले, त्यात भट्टीजवळ उभे राहणेही आले. या तिन्ही ठिकाणी एकच पत्र पाठवणारा विद्यार्थी त्यांपैकी एकाही ठिकाणचे काम वाचून आलेला नाही, हे लगेच कळते.

म्हणून पुढचे पत्र लिहिण्यापूर्वी एक लहान काम स्वतः पूर्ण करा. माझी सूचना अगदी साधी आहे: तुमच्या महाविद्यालयाची गेल्या बारा महिन्यांची महावितरणची बिले कार्यालयातून मागून घ्या. (कार्यालयीन अधीक्षक सुरुवातीला साशंक होतील, विभागप्रमुखांची चिठ्ठी सोबत न्या.) जोडणी उच्चदाबाची असेल, तर घरच्या बिलात न दिसणाऱ्या गोष्टी त्यात दिसतील. करार मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेणार, याचा करारातील आकडा) आणि प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी केव्हीए या भाराच्या एककात दिलेली असते. मागणी कराराच्या फार खाली राहिली, तरी ठरावीक प्रमाणात मागणी आकार भरावाच लागतो आणि ती कराराच्या वर गेली, तर दंड बसतो. उच्चदाब ग्राहकांची आकारणी २०२० पासून केव्हीएएचवर (किलोवॅट-तासांऐवजी किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) होत असल्यामुळे शक्ती-गुणांक (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) खालावला की भरावयाची युनिटेच वाढतात. दिवसाच्या कोणत्या प्रहरात किती वीज वापरली गेली, याचाही तक्ता मिळतो.

छतावर सौर पॅनेल असतील, तर काम आणखी रंजक होते. एका विद्यार्थिनीने मला असा आलेख आणून दाखवला होता, ज्यात मे महिन्यात ऊन भरपूर असूनही त्या उन्हाच्या मानाने उत्पादन जानेवारीपेक्षा कमी दिसत होते, आणि मीटर बिघडला असावा असे तिला वाटत होते. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि सिलिकॉनच्या पॅनेलमध्ये त्यापुढील प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते. उन्हात तापून पॅनेल ६० अंशांवर गेले, तर १० ते १४ टक्के उत्पादन तेथेच संपते. त्यात वळवापूर्वीची धूळ किती आणि तापमान किती, हे वेगळे काढायचे कसे, असा पुढचा प्रश्न तिनेच विचारला. तिला मार्गदर्शक मिळाला तो त्या प्रश्नामुळे, गुणपत्रिकेमुळे नव्हे.

अशा कामाचे एक पान हाती आले की ते थेट मोठ्या नावाच्या शास्त्रज्ञाला न पाठवता त्याच्या गटातील पीएच.डी.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठवा. उपकरण कसे चालते, कोणता शोधनिबंध आधी वाचावा, सर कोणत्या आठवड्यात मोकळे असतात, हे सारे त्याला ठाऊक असते आणि रोजचे शिकवणे प्रत्यक्षात तोच करतो. प्राध्यापकांकडून महिन्यातून अर्धा तास मिळाला, तरी पुष्कळ झाला. त्या अर्ध्या तासाला जाताना आधी लिहून काढलेले दोन प्रश्न सोबत असावेत.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगतो. पुढे संशोधनच करायचे असेल, तर गेट (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) द्या आणि विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा उद्योगात उपयोगी पडते, परंतु तिला पदवीनंतरच्या अनुभवाची अट असल्यामुळे आज तिच्या मागे लागू नका.

बिले मिळाली की तक्ता येथेच मांडा. कमाल मागणीचा स्तंभ आधी भरा आणि परीक्षेच्या महिन्यांत तो का हलतो, याचा तुमचा अंदाज त्याखाली लिहा, म्हणजे मला नेमके बोलता येईल.