विचारलंय, तर मोकळेपणानं सांगा

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर नगरचं, घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. शेजारी पुण्याचं कुटुंब, रोजचं येणं-जाणं. तिथल्या काकूंनी एकदा सहज विचारलं, "दर रविवारी तुम्ही सगळे चर्चला जाता, तिथे नक्की काय असतं गं?" ताईंनी विषय बदलला. त्या लिहितात, "बाटवायला निघाले असं वाटायला नको, म्हणून गप्प बसले. पण मनाला लागून राहिलंय. आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची तरी कशी? आणि मुलांना शाळेत विचारतात, तेव्हा त्यांनी काय सांगायचं?"

ताई, काकूंनी आपणहून विचारलं होतं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढा. तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, आणि ते सौम्यतेनं व आदरानं द्या, असं तिथे सांगितलंय. आपल्यातले काही पहिलं अर्धं वाक्य धरून भांडत सुटतात. बाकीचे दुसऱ्या अर्ध्याच्या धाकानं तोंडच उघडत नाहीत.

काकूंना सिद्धान्त नकोत. उपासनेत काय होतं, कोणतं गीत म्हटलं की तुमचं मन भरून येतं, परदेशात नवीन असताना, नोकरी नसताना, प्रार्थनेनं कसं तारून नेलं, ते सांगा. घडलं तेवढंच, आणि मराठीत. तुमचं ऐकून झालं की त्यांची भक्तीही ऐका. त्या वारकरी घरातल्या असतील तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग त्यांना परके वाटणार नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक स्वतः म्हणत.

टिळकांच्या घरातलीच गोष्ट बघा. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. जातिभेद देवानं केलेला नाही, हे पुढे त्यांचं त्यांनाच पटलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. खुद्द टिळकांच्या बायकोलाही एवढी वर्षं लागली! मग शेजारच्या काकूंकडून एका संध्याकाळीत कसली अपेक्षा धरायची? मन वळवणं देवाचं काम आहे. ते आपल्या डोक्यावर घेतलं की बोलण्यात जबरदस्ती येते, आणि समोरच्याला ती लगेच कळते.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. भारतातून नुकतीच आलेली मुलं खोली शोधत असतात, जेवणाची पंचाईत असते. त्यांना जेवू घाला, विमानतळावरून आणा, पण त्या मदतीला उपासनेला येण्याची अट चिकटवू नका, आडूनसुद्धा नको. अडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वचनं पाठवणंही टाळा. तो ग्रुप सगळ्यांचा आहे. कुणी आजारी असेल तर "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं आधी विचारा. हो म्हणाले तर दोन वाक्यांत करा, आणि बरं होण्याची हमी देऊ नका.

मुलांचंही तुम्ही विचारलंय. "तुम्ही इंडियन ना, मग ख्रिश्चन कसे?" हा प्रश्न त्यांना शाळेत येतोच. फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, हे त्यांना ठाऊक असू द्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, हेही सांगा.

काकूंकडे या आठवड्यातच जा. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी टाळलं, आता सांगते," एवढ्यावरून सुरुवात होईल. नाताळच्या करंज्या-चकल्या करायला त्यांना हाताशी बोलवा आणि संध्याकाळच्या गीतांनाही थांबायला सांगा. नको म्हणाल्या तर आग्रह नको. फराळाचा डबा मात्र नक्की पाठवा.