बहीण बघेल, पण कोणत्या कागदावर?

‘ताई, आम्ही दोघं गेलो की ह्याचं कोण करणार?’

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे आईवडील समोर बसले की हा प्रश्न येतोच, मूल चार वर्षांचं असो की चाळीस. इंदूरच्या ज्या काका-काकूंबद्दल लिहिते आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत), त्यांनी तर तो दारातच विचारला, चपला काढता काढता. काका टपाल खात्यातून निवृत्त, वय 71. काकूंना मधुमेह, गुडघे गेलेले. मुलगा 29 वर्षांचा. घरात, गल्लीत, पोहेवाल्याकडे, सगळीकडे तो ‘बाळ’च. मोठी बहीण लग्न होऊन पुण्यात.

मी विचारलं, ‘तुमचं काय ठरलंय?’

‘ठरवायचं काय त्यात? बहीण बघेल,’ काका म्हणाले.

‘तिच्याशी बोललात?’

‘सख्खी बहीण आहे हो. तिला काय विचारायचं?’

‘आणि ह्याला?’

ह्यावर दोघंही गप्प. ज्याला विचारायचं तो तेवढ्यात माझ्या टेबलावरचं टपाल लावायला बसला होता. त्याला वाचता येत नाही, पण पिन कोडचे आकडे तो जुळवतो. 452001 ची चळत वेगळी, 452009 ची वेगळी. एका पाकिटावर पिन कोडच नव्हता. ते त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि काकांच्या हातात दिलं. लहानपणी वडिलांबरोबर पोस्टात बसून बसून आलेलं हे. ‘टाइमपास आहे त्याचा,’ काका म्हणाले. मी मात्र ते फायलीत पहिल्या ओळीला लिहिलं.

कागदांची चौकशी केली तर काहीच नव्हतं. शाळेचे दोन दाखले आणि आधार, बस. दिव्यांग प्रमाणपत्र काढलंच नव्हतं. आधी मुलीचं लग्न व्हायचं होतं म्हणून, आणि लग्नानंतर ‘आता काय उपयोग’ म्हणून. काकू म्हणाल्या, ‘बाणगंगेला नेऊन शिक्का मारून आणायचा का पोराला?’ इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी: पुण्यात जसं येरवडा म्हणतात, तसं आमच्याकडे बाणगंगा. मनोरुग्णालय तिथे आहे.

ही भीती मी हसून घालवत नाही, कारण तिच्यापायी वर्षंच्या वर्षं वाया गेलेली पाहिली आहेत. काकूंना एवढंच सांगितलं की मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता ह्या कायद्यातसुद्धा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात 21 प्रकार आहेत आणि ह्या दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, तारीख मिळाली की वैद्यकीय मंडळापुढे जायचं. तिथे बुद्ध्यांक पाहतात, आणि जेवण, कपडे, पैसे, एकट्याने ये-जा अशी रोजची कामं कितपत जमतात तेही पाहतात.

प्रमाणपत्रावर 75 टक्के आलं. काकू ते घेऊन थेट माझ्याकडे आल्या. ‘म्हणजे माझा मुलगा पंचवीसच टक्के उरला का हो?’

असं कुणी आधी समजावूनच सांगत नाही. तो आकडा माणूस किती उरला ह्याचा नसतो, ठरलेल्या तक्त्यातला असतो: सौम्य असेल तर 50, मध्यम 75, तीव्र 90, अतितीव्र 100. बहुतेक सवलतींसाठी 40 ची रेघ असते, काहींसाठी 80 ची. काका जुन्या पद्धतीने आयकर भरतात, त्यांना अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी 75 हजारांची वजावट मिळते. 80 टक्के असते तर सव्वा लाखाची मिळाली असती. हे ऐकल्यावर काकू जरा सैलावल्या. काका म्हणाले, ‘म्हणजे पाच टक्क्यांनी हुकलं.’ काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला उठले.

प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं. ते देशभर चालतं, आणि ह्या घरासाठी तेच महत्त्वाचं होतं. मध्य प्रदेशच्या योजना समग्र आयडीला, म्हणजे ह्या राज्यापुरत्या ओळख क्रमांकाला, बांधलेल्या असतात. उद्या बाळ पुण्याला राहायला गेला तर त्या काही त्याच्याबरोबर जाणार नाहीत. कार्ड जाईल.

आता काकांचा खरा राग. बँकेने त्यांना परत पाठवलं होतं. बाळच्या नावावर आजीने ठेवलेली ठेव होती, ती मोडायला गेले तर खातेदाराची सही पाहिजे, आणि खातेदाराला सही येत नाही. ‘मी बाप आहे त्याचा!’ काकांचा आवाज चढला. पण कायद्याने मूल 18 चं झालं की आईवडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता असली तरी नाही. अकरा वर्षं ह्या घराने ते गृहीत धरलं होतं, कारण कधी नडलं नव्हतं.

ह्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, ह्या चौघांसाठीच तो आहे. जिल्ह्यात लोकल लेवल कमिटी असते: कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती. कोर्टात न जाता ही कमिटी कायदेशीर पालक नेमते, आणि तिचं प्रमाणपत्र बँकांनी मानावं असं रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. काका अर्ज घेऊन मंगळवारच्या जनसुनवाईत जायला निघाले होते. कलेक्टर तेच, पण हे काम त्या रांगेतलं नव्हे. नोंदणीकृत संस्थेमार्फत गेलं की फाइल भटकत नाही.

पालकत्व मिळालं की सगळं आपलं, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. पालक झालेल्याने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि दरवर्षी हिशोब. गैरवापर झाला तर पालक बदलताही येतो. काकांना ही अट जाचक वाटली, मला ती फार आवडते. आणि ज्याला आपले छोटे निर्णय घेता येतात, त्याच्यासाठी सरसकट पालकत्व मागायची घाई मी कुणालाच करू देत नाही. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. तिथे निर्णय त्या व्यक्तीला बरोबर घेऊन, तिची इच्छा पाहून करायचे असतात. बाळच्या बाबतीत ठेवी आणि औषधोपचार ह्यांच्यापुरतं पालकत्व मागितलं. कुठला शर्ट घालायचा आणि पोह्यांवर शेव किती, हे तो स्वतःच ठरवतो.

‘निरामय’चं एका बैठकीत झालं. राष्ट्रीय न्यासाचाच आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, थेरपीचा खर्चही त्यात येतो. दर वर्षी नूतनीकरण तेवढं विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पेन्शनवर, आणि जावा असंच ते आहे. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनात काकांनंतर काकू आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनंतर बाळला ते आयुष्यभर मिळू शकतं, हे टपाल खात्यात हयात घालवलेल्या काकांनाही नीट ठाऊक नव्हतं. एरवी 25 वर्षांपलीकडे मुलाचा हक्क संपतो, पण अपंगत्वामुळे पोट भरता न येणाऱ्या अपत्याचा संपत नाही. त्याचं नाव आपण हयात असतानाच पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रात, घालून घ्यायचं आणि त्याच्या वतीने पैसे कुणी घ्यायचे त्याचं नामनिर्देशन करायचं. आईवडिलांच्या मागे भावंडांनी हे सिद्ध करत हिंडणं फार त्रासाचं असतं.

काकांना एक शंका होती आणि तिच्यापायीच त्यांनी बाळला कुठे कामाला लावलं नव्हतं. ‘चार पैसे कमावले तर पुढे म्हणतील, हा कमावता आहे, पेन्शन बंद.’ शंका अगदीच खोटी नव्हती. पूर्वी उत्पन्नाची मर्यादा फार कमी होती. फेब्रुवारी 2021 मध्ये ती बदलली: अपत्याचं इतर उत्पन्न मृत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या 30 टक्के अधिक महागाई मदत एवढ्यापेक्षा कमी असेल, तर निवृत्तिवेतन चालू राहतं. मी काकांनाच कॅल्क्युलेटर दिला. आकडा आल्यावर ते म्हणाले, ‘एवढं तर त्याला कुणी देणारच नाही.’ बाळ आता एका डे-केअर केंद्रात लिफाफे आणि फायली लावायला जातो, महिन्याला थोडं मानधन मिळतं. टाइमपासच कामी आला.

मग बहिणीला व्हिडिओ कॉल. ती पाच मिनिटं ऐकत होती, मग म्हणाली, ‘तो माझ्याकडे राहणार आहे, हे मला एका मुंजीत मावशीकडून कळलं.’ काकू रडायला लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही आणि बहिणीलाही आवरतं घ्यायला सांगितलं नाही. भावंडं जबाबदारीला क्वचितच नाही म्हणतात. न विचारता गळ्यात पडलं की चिडतात, आणि पुढे ती चीड ज्याचा काही दोष नाही त्याच्यावर निघते. तिची मागणी साधी होती: कागद कुठे आहेत, औषधं कोणती, पेन्शनचं कोणाशी बोलायचं, हे आत्ता सांगा. तिचं नाव पेन्शनच्या नामनिर्देशनात गेलं. पालकत्वाचं प्रमाणपत्र सध्या आईवडिलांच्या नावे आहे. त्यांच्यानंतर तिला अर्ज करावा लागेल, त्याची फाइल तिच्याकडे दिली.

बाळला फोटो दाखवून विचारलं. पुण्याचं घर, इंदूरचं घर, केंद्र, ताई. गणपतीत त्याला आठवडाभर पुण्याला पाठवलं, काकांबरोबर. बौद्धिक अक्षमतेमुळे एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्याला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला 75 टक्के सवलत असते, आणि सोबत जाणाऱ्यालाही तेवढीच. परत आल्यावर त्याने दोनच फोटो उचलले: बहिणीचा आणि इंदूरच्या घराचा. पुण्याच्या फ्लॅटचा फोटो त्याने काकांच्या हातात दिला, पिन कोड नसलेलं पाकीट दिलं होतं तसा.

त्यामुळे घराचा प्रश्न आता उघडा पडलाय. काकांना घर बाळच्या नावे करायचंय. मी वकिलाकडे पाठवलं, कारण थेट नावावर केलं की भाड्याने द्यायला, विकायला पुन्हा पालकाचीच सही आणि कमिटीपुढे हिशोब. बहीण म्हणते खासगी ट्रस्ट करा, विश्वस्त दोन-तीन असू द्या, सगळं माझ्या एकटीवर नको. काका म्हणतात, ‘माझ्या घरात परका विश्वस्त कशाला?’ दिवाळीनंतर ती इंदूरला येणार आहे, तेव्हा बसायचं ठरलंय. बाळही त्या बैठकीला असेल. काकांना हे अजून पटलेलं नाही, काकूंना पटलंय.