मनस्ताप कागदावर कसा आणायचा?

प्रश्न : माझ्या पत्नीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आम्ही शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये तपासायला दिला होता. कर्करोग असल्याचा रिपोर्ट आला आणि ऑपरेशनची तारीखही ठरली. दुसऱ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून फेरतपासणी केली, तेव्हा गाठ साधी निघाली. मधले १९ दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. शरीराला इजा झालेली नाही, मग फक्त मनस्तापासाठी दावा करता येतो का? लॅब म्हणते, रिपोर्टखाली ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ असं छापलेलंच आहे. — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

करता येतो, आणि त्यासाठी योग्य जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ग्राहक कायद्यातल्या भरपाईत शारीरिक, मानसिक, अगदी भावनिक त्रासही येतो. १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही या कायद्याखाली आहे. पण मनस्ताप कितीही खरा असला तरी आधी निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. तो झाला नाही तर पुढचं काहीच उभं राहत नाही. तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक इथेच.

म्हणून आधी चूक नेमकी कशी झाली ते शोधा. शक्यता दोन आहेत. एक, नमुन्यांची अदलाबदल : बाटलीवरची चिठ्ठी, नोंदवहीतला क्रमांक किंवा टाइप करताना नाव चुकलं. दुसरी, नमुना तुमचाच होता पण स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची काचपट्टी) वाचताना चूक झाली. पहिल्या प्रकारात तज्ज्ञाची फारशी गरज पडत नाही. प्रत्येक वैद्यकीय प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र लॅब म्हणेल, ‘हा मताचा फरक आहे.’ सामान्य कौशल्याच्या पॅथॉलॉजिस्टने ती स्लाइड अशी वाचली नसती, हे मग तुम्हाला दाखवावं लागेल, आणि त्यासाठी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं लेखी मत हवं.

दोन्हींसाठी लागतो तो मेणाचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो ठोकळा, आणि त्यावरून केलेल्या स्लाइड. हे दोन्ही लेखी अर्ज देऊन लॅबकडून मागा आणि मिळताना त्यावरचे क्रमांक लिहिलेली पोच घ्या. ब्लॉक तुमच्या पत्नीचाच आहे का याबद्दल वाद झाला तर रक्ताशी डीएनए जुळवून तो मिटवता येतो. त्यामुळे ब्लॉक हरवू देऊ नका, आणि लॅबकडे ‘तपासायला’ परत तर मुळीच देऊ नका. डॉक्टरांनी भरलेला तपासणीचा फॉर्म, पावती, दोन्ही मूळ रिपोर्ट आणि ऑपरेशनची तारीख असलेला केसपेपरही जपा. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाचे कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच ते आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

रिपोर्टखालच्या त्या छापील ओळीने घाबरू नका. ती डॉक्टरांना दिलेली सूचना आहे. एकीचा नमुना दुसरीच्या नावाने तपासायची सूट तिने मिळत नाही.

आता मनस्तापाचा पुरावा. ‘आम्हाला असह्य मानसिक त्रास झाला’ हे वाक्य जवळपास प्रत्येक तक्रारीत असतं, म्हणून त्याला वजन उरत नाही. वजन येतं तारखांना. रिपोर्ट कोणत्या दिवशी हातात पडला, कोणत्या दिवशी ऑपरेशन ठरलं, कोण रजेवर गेलं, झोपेची गोळी कोणी कधी लिहून दिली, गावाहून कोण येऊन राहिलं. रजेचा दाखला, औषधाची चिठ्ठी, तिकिटं आणि घरातल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडा. पत्नीला अजूनही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर न्या. पण ते तिच्यासाठी. दाव्यासाठी केलेला कागद उलटतपासणीत टिकत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मोबाइलवरचे मेसेज जोडणार असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत द्या, नाहीतर समोरची बाजू पहिला आक्षेप तिथेच घेते.

तक्रारीत दोघांचीही नावं घाला. १९९८ मध्ये एका बालकाला रुग्णालयात चुकीचं इंजेक्शन दिल्याच्या खटल्यात बालकाला साडेबारा लाख मिळाले आणि आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या मनस्तापासाठी वेगळे ५ लाख. बिल तुम्ही भरलं असेल तर तुम्ही ग्राहक, आणि पत्नी सेवेची लाभार्थी.

आयोगाची पायरी ठरते ती तुम्ही भरलेल्या पैशांवर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. फी नाही म्हणून अनेक जण ५० लाख मागून मोकळे होतात. तसं करू नका. फेरतपासणीचा खर्च, बुडालेला पगार, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च असे चार वेगळे आकडे, प्रत्येकामागे कारण देऊन, मागा. मानसिक त्रासापोटी मिळणारी रक्कम पुष्कळ आदेशांत पाच आकडीच असते. तुमच्या प्रकरणात अवयव काढण्याची तारीख ठरली होती, म्हणून जास्त मागण्याला आधार आहे.

आधी १५ दिवसांची नोटीस पोचपावतीसह पाठवा, मग ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून २ वर्षे. लॅबचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. नोटीस मिळाल्यावर लॅबला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तो काळ उलटला की म्हणणं घेतलं जात नाही. तारखांवर लक्ष ठेवा.

प्रश्न : मुलीच्या लग्नाचं सगळं शूटिंग हार्ड डिस्क बिघडल्याने गेलं, असं फोटोग्राफर सांगतात. ॲडव्हान्स परत देतो, करारात तसंच लिहिलंय म्हणतात. माझ्या आईचे शेवटचे फोटो त्यातच होते. — एक वाचक, सिन्नर

आज पहिलं काम हे करा : त्यांना लेखी कळवा की ती डिस्क आणि कॅमेऱ्याची कार्डं कुणी फॉरमॅट करू नयेत, त्यावर नवीन काही साठवूही नये. कार्ड फॉरमॅट झालं तरी त्यावर नवं चित्रण होईपर्यंत बरंच काही परत मिळू शकतं. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडून लेखी अहवाल घ्या. फोटो निघाले तर उत्तम. नाही निघाले तरी डिस्क खरंच बिघडली होती की कार्ड घाईने पुसलं गेलं, ते त्या अहवालातून कळतं. एकाच डिस्कवर कॉपी करून, दुसरी प्रत न ठेवता कार्ड पुसणं हीच सेवेतली त्रुटी.

दिवाणी न्यायालयात करारभंगासाठी सहसा मनस्तापाची भरपाई मिळत नाही. ग्राहक आयोगात मिळू शकते, म्हणून तिकडेच जा. करारातली अट ‘अन्यायकारक’ ठरवून मागू नका, तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. मागणी सेवेतील त्रुटीवरच ठेवा. पावती नसेल तर यूपीआयची नोंद आणि बुकिंगचे मेसेज चालतात. आईंचे फोटो गेले ही गोष्ट नाव, नातं आणि तारखेसह तक्रारीत स्वतंत्र परिच्छेदात लिहा. पैसे परत देऊन जे भरून निघत नाही, ते हेच.

प्रश्न : द्वारका सर्कलजवळ माझ्या डोळ्यांसमोर मुलाला ट्रकने उडवलं. त्याचा पाय मोडला, आता तो बरा आहे. मला मात्र हॉर्न ऐकला की थरथर सुटते. मला काही मागता येईल का? — एक आई, नाशिक रोड

ताई, मुलाचा दावा आधी. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करायची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. २०२२ पासून ही मुदत लागू आहे, आणि ‘पाय बरा झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांची ती हातची जाते. मुलाच्या वेदना, शाळेचा खाडा, शुश्रूषेचा खर्च या सगळ्यासाठी त्यात वेगवेगळी रक्कम मागता येते.

तुमचा स्वतःचा दावा कठीण आहे. अशक्य नाही. जवळच्या माणसाचा अपघात किंवा त्यानंतरची त्याची अवस्था पाहून आईला बसलेल्या धक्क्याची भरपाई इंग्लंडच्या न्यायालयांनी १९७० आणि १९८२ मध्ये दिली आहे. तिथले निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण वकील ते दाखवू शकतात. त्या निकालांतही निव्वळ भीती किंवा दुःख पुरत नाही, निदान झालेला मानसिक आजार लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. उपचार सुरू होणं तुमच्यासाठी दाव्याहून महत्त्वाचं आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

प्रश्न : उघड्या चेंबरमध्ये पडलो, महापालिकेवर ग्राहक आयोगात जाऊ का? — एक वाचक, सिडको

नको. घरपट्टी भरल्याने तुम्ही ग्राहक ठरत नाही. तुमचा मार्ग दिवाणी दाव्याचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो. चेंबरवर झाकण बसायच्या आत तारखेसह फोटो काढा आणि पोलिसांत नोंद करा.